एका ग्रॅममधले दोन कोटी कोटी कोटी

एक खोली घ्या. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच. आत सामान नाही, माणूस नाही, फक्त हवा. त्या हवेचं वजन किती? चौतीस किलो! आता ही हवा बाहेर काढा आणि तिच्या जागी दुसरा एक वायू भरा. तोही रंगहीन, तोही डोळ्यांना न दिसणारा. खोली होती तशीच रिकामी दिसेल. आणि वजन? साडेतीनशे किलो! सिमेंटची सात पोती खोलीत रचली आहेत आणि त्यांतलं एकही दिसत नाही!

या वायूचं नाव टंगस्टन हेक्साफ्लोराईड. मधोमध टंगस्टनचा एक अणू आणि त्याच्याभोवती फ्लोरिनचे सहा अणू : वर एक, खाली एक, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. बस्स, एवढाच रेणू. टंगस्टन म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बात तापून लाल-पांढरी होणारी ती तार. रसायनशास्त्रात तो संक्रमणी धातूंच्या घराण्यातला. आणि फ्लोरिन म्हणजे समोर येईल त्याच्याशी संयोग पावायला टपलेलं मूलद्रव्य. या दोघांनी मिळून जो वायू घडवला, तो जगातल्या सर्वांत जड वायूंच्या यादीत अगदी वरच्या टोकाला बसतो. हवा लिटरमागे सव्वा ग्रॅमही भरत नाही. जडपणासाठी प्रसिद्ध असलेला रेडॉन भरतो नऊ ग्रॅमच्या आसपास. आणि हा पठ्ठ्या भरतो जवळपास साडेबारा ग्रॅम. हवेच्या दहापट!

दहापट म्हणजे किती, ते नीट मोजू या. मुंबईची लोकल घ्या. डब्याचा आतला भाग वीस मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच धरू. रिकाम्या डब्यात हवा भरते दोनशे दहा किलो. तोच डबा आपल्या वायूने भरला तर दोन हजार एकशे सत्तर किलो. बारा डब्यांची अख्खी गाडी भरली तर सव्वीस टन! पासष्ट किलोचा एक प्रवासी धरला तर चारशे प्रवाशांचं वजन झालं. सगळी बाकं मोकळी, दारात कोणी लटकलेलं नाही, आणि तरी गाडी चारशे माणसांचं ओझं ओढते आहे!

आता गावाकडे चला. पंधरा फूट व्यासाची, चाळीस फूट खोल अशी एक कोरडी विहीर आहे. तिच्यात मावतात दोन लाख लिटर. काठावरून हा वायू सोडला तर तो पाण्यासारखा तळाशी उतरेल, आतल्या हवेला वर रेटत जाईल आणि विहीर तळापासून काठापर्यंत भरेल. भरली की त्या ‘रिकाम्या’ विहिरीत अडीच टन माल! त्यात साध्या हवेने भरलेला फुगा सोडला तर तो बुडणार नाही, उसळून वर येईल. पासष्ट किलोच्या माणसाला हवेत उचलायला हेलियमचा सोळा फुटांहून मोठा फुगा लागतो. या वायूच्या तलावात त्याच माणसाला तरंगत ठेवायला साध्या हवेचा साडेसात फुटी फुगा पुरे! हवा, जिला आपण काहीच वजन नाही असं समजतो, ती या वायूपुढे इतकी हलकी ठरते की तिचाच फुगा उडतो.

हा प्रयोग मात्र कागदावरच करायचा, कारण हा वायू जीवघेणा आहे. पाण्याची वाफ दिसली की तो तिच्याशी भिडतो आणि हायड्रोजन फ्लोराईड तयार होतो. हे रसायन काच खातं आणि माणसाची त्वचा, डोळे, फुप्फुसं जाळतं. आकडे पाहा : एक किलो वायू संपवायला फक्त एकशे ऐंशी ग्रॅम पाणी लागतं, आणि त्यातून चारशे ग्रॅम हायड्रोजन फ्लोराईड बाहेर पडतो. म्हणून हा वायू कायम बंद सिलिंडरात, बंद नळ्यांत, जिथे ओलाव्याचा थेंबसुद्धा पोचणार नाही अशा ठिकाणीच फिरतो.

जडपणाचा परिणाम आवाजावरही होतो. आवाज हवेतून ताशी सव्वाबाराशे किलोमीटरच्या वर वेगाने धावतो. मुंबई-पुणे रेल्वेने १९२ किलोमीटर. हवेतला आवाज हे अंतर सव्वानऊ मिनिटांत कापेल. आणि टंगस्टन हेक्साफ्लोराईडमधून? तिथे आवाजाचा वेग ताशी ३४० किलोमीटरवर येतो. पुणं गाठायला चौतीस मिनिटं! मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन ताशी ३२० किलोमीटरने धावायची आहे. या वायूत आवाज आणि बुलेट ट्रेन अशी शर्यत लावली तर आवाज जिंकेल, पण अगदी थोडक्यात.

आणि आता या गोष्टीतली खरी जादू. टंगस्टन हा धातू वितळतो ३४२२ अंश सेल्सिअसला. लोखंड वितळतं १५३८ अंशांना. म्हणजे लोखंडाचं पाणी झाल्यानंतरही आणखी जवळपास एकोणीसशे अंश तापमान चढवत न्यायचं, तेव्हा कुठे टंगस्टन वितळायला लागतो. सगळ्या धातूंत हा आकडा सर्वांत मोठा! त्याची वाफ करायची तर सूर्याच्या पृष्ठभागाशी स्पर्धा करणारं तापमान हवं. अशा या हट्टी धातूच्या एकेका अणूला फ्लोरिनचे सहा अणू चिकटवले की तो किती अंशांना उकळतो, ठाऊक आहे? १७.१ अंशांना! तीन हजार चारशे अंशांचा हट्ट सहा अणूंनी मोडून काढला!

१७.१ अंश! हा आकडा तर आपल्या महाराष्ट्रातल्या हवामानाच्या बातम्यांतला. मुंबईच्या दुपारी टंगस्टन हेक्साफ्लोराईड वायू असतो. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे पारा दहा-बारावर उतरतो, तिथे तो द्रव होईल. आणि २.३ अंशांना तो गोठतो. म्हणजे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठवणारी थंडी पडते तेव्हा तो तिथे चक्क घन होईल. एकच पदार्थ, एकच राज्य, एकच हिवाळा, आणि तिन्ही अवस्था! न भट्टी, न बर्फाचा कारखाना!

या रेणूपर्यंत पोचायला माणसाला वेळ लागला. १७८३ साली स्पेनमधल्या बेर्गारा इथे एल्हुयार बंधूंनी टंगस्टन धातू वेगळा काढला. फ्लोरिन मात्र कोणाच्याच हाती येईना. तो १८८६ साली फ्रान्समध्ये आन्री म्वासाँ यांच्या हाती आला आणि त्यांना १९०६ चं नोबेल मिळालं. आणि १९०५ साली ओटो रुफ आणि फ्रिट्झ आइसनर या रसायनशास्त्रज्ञांनी या दोघांचं हे संयुग जगापुढे ठेवलं. धातूपासून वायूपर्यंत एकशे बावीस वर्षं!

पण धातूला वायू बनवून करायचं काय? उत्तर तुमच्या खिशात आहे. मोबाइलमधले फोटो, गाणी, व्हिडिओ ज्या मेमरी चिपवर साठतात, तिच्या आत टंगस्टन भरायचा असतो. तोही इतक्या अरुंद जागी की वितळवून ओतणं अशक्य, कारण ३४२२ अंशांत चिपच उरणार नाही. मग हा वायू आत सोडतात. सोबत हायड्रोजन. तीनशे-चारशे अंशांना एक रेणू टंगस्टन हेक्साफ्लोराईड आणि तीन रेणू हायड्रोजन भेटतात, फ्लोरिनचे सहा अणू हायड्रोजनबरोबर निघून जातात आणि टंगस्टनचा एकटा अणू जागेवर बसतो. मग दुसरा, मग तिसरा. जो धातू वितळवायला ३४२२ अंश लागतात, तो त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच्या तापमानात हवा तिथे जमा होतो!

हा वायू शुद्धही तसाच हवा. चिपच्या कारखान्यात ९९.९९९ टक्के शुद्धता मागतात. म्हणजे लाखात एक रेणू परका चालेल, दुसरा नाही. मुंबईच्या लोकलने रोज पंचाहत्तर लाखांच्या आसपास लोक प्रवास करतात. या हिशोबाने दिवसभरातल्या त्या सगळ्या गर्दीत फक्त पंचाहत्तर जण विनातिकीट!

वायूचा धातू होताना किती आकुंचन होतं, तेही पाहा. एक किलो टंगस्टन हेक्साफ्लोराईड वायुरूपात ऐंशी लिटर जागा व्यापतो. त्यातून निघणारा टंगस्टन ६१७ ग्रॅम, आणि त्याला जागा लागते फक्त बत्तीस घन सेंटिमीटर. अडीच हजार पट लहान! आता हा बत्तीस घन सेंटिमीटर धातू दहा नॅनोमीटर जाडीच्या थराने पसरू. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. किती जमीन झाकली जाईल? बत्तीस गुंठे! एका किलोत बत्तीस गुंठे. क्विंटलभर वायूत ऐंशी एकरांचं रान टंगस्टनने मढवून निघेल!

पण रान कशाला, चिपच्या आतच जाऊ. २०२२ साली मायक्रॉन कंपनीने मेमरीच्या पेशींचे २३२ मजले एकावर एक असलेली चिप आणली. दुबईच्या बुर्ज खलिफाला मजले १६३. इथे २३२! आणि या सगळ्या मजल्यांची मिळून उंची? दहा-अकरा मायक्रॉन. (इथे मायक्रॉन म्हणजे कंपनी नव्हे, मिलिमीटरचा हजारावा भाग.) आपल्या डोक्याचा एक केस ऐंशी मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. एका केसाच्या जाडीत अशा सात इमारती एकीवर एक उभ्या राहतात!

या इमारतीत शिरायचं तर ती मोठी करावी लागेल. चला, दहा कोटी पटींनी मोठी करू. आता प्रत्येक मजला साधारण पंधरा फूट उंच झाला, आपल्या पहिल्या खोलीच्या दीडपट. टंगस्टन हेक्साफ्लोराईडचा रेणू, जो अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपासचा, तो झाला लिंबाएवढा. इमारत झाली एक किलोमीटरहून उंच. डोक्यावरचा केस झाला आठ किलोमीटर जाड, एव्हरेस्टच्या उंचीला भिडणारा. आणि चिप? मुळात तिचं क्षेत्रफळ सत्तर चौरस मिलिमीटरच्या आसपास, करंगळीच्या नखाएवढं. आता ते झालं सात लाख चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ तीन लाख आठ हजार. दोन महाराष्ट्र झाकून वर जमीन उरली!

आणि एका चिपने भागत नाही. एक टेराबाइट साठवायला अशा आठ चिप लागतात. छप्पन्न लाख चौरस किलोमीटर! अख्खा भारत तेहेतीस लाखांच्या आत. म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी, कच्छ ते अरुणाचल, सगळा देश २३२ मजली, किलोमीटरभर उंच इमारतीने व्यापला आणि वर आणखी सात महाराष्ट्र व्यापले. त्या सगळ्या इमारतीत, प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक कोपऱ्यात लिंबाएवढे रेणू अरुंद फटींतून शिरले, धातू ठेवून परत गेले, आणि कुठेही पोकळी सोडली नाही. हे लिंबू चालतात तरी किती जोरात? खऱ्या जगात, आपल्या घरातल्या तापमानाला, या रेणूचा सरासरी वेग ताशी ५७० किलोमीटरच्या आसपास. सरळ रेषेत सुटला तर मुंबईहून पुण्याला वीस मिनिटांत! पण सरळ जाऊ देतो कोण? साध्या हवेच्या दाबाला तो सेकंदाला चारशे कोटी वेळा शेजाऱ्यांवर आदळतो. डेक्कन क्वीनला मुंबई-पुणे प्रवासाला सव्वातीन तास लागतात. तेवढ्या वेळात एकट्या रेणूच्या टकरा होतात सेहेचाळीस लाख कोटींच्या घरात!

त्या इमारतीतली घरं मोजू. एक टेराबाइट म्हणजे आठ लाख कोटी बिट. एका पेशीत तीन बिट मावतात. म्हणजे पेशी झाल्या दोन लाख सदुसष्ट हजार कोटी! भारतातल्या माणसांना वाटायला बसलो तर तान्ह्या बाळापासून शंभरीच्या आजीपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला एकोणीसशे पेशी. एका पेशीला एक रुपया भाव लावला तर किंमत किती? केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात रेल्वेसाठी दोन लाख बावन्न हजार कोटी ठेवले. देशभरच्या रूळ, पूल, बोगदे, डबे आणि इंजिनांसाठीची ही वर्षाची तरतूद, आणि आपल्या नखाएवढ्या चिपांच्या पेशी तिच्याहूनही जास्त भरल्या!

इथवर आलोच आहोत तर आता शेवटची चढण चढू. किलो नको, क्विंटल नको. फक्त एक ग्रॅम घेऊ. एक ग्रॅम टंगस्टन हेक्साफ्लोराईड, म्हणजे ऐंशी मिलिलिटर वायू, कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढा. त्यात रेणू किती?

दोन कोटी कोटी कोटी!

दोनावर एकवीस शून्यं. हा आकडा तोंडाने म्हणता येतो, पण मनात मावत नाही. म्हणून तो तोडून घेऊ. आधी मोजून पाहू. पृथ्वीवरच्या आठशे कोटी माणसांना कामाला लावलं. प्रत्येकाने सेकंदाला एक रेणू मोजायचा. झोप नाही, जेवण नाही, सुट्टी नाही. मोजणी संपायला लागतील जवळपास आठ हजार वर्षं! आठ हजार वर्षांपूर्वी मोहेंजोदडो नव्हतं, इजिप्तचे पिरॅमिड नव्हते.

आता रुपये लावू. प्रत्येक रेणूला एक रुपया. ते सगळे रुपये भारतातल्या एकशे चाळीस कोटी लोकांत समान वाटले. किती येतील प्रत्येकाला? हजार? लाख? कोटी? नाही. एक लाख चाळीस हजार कोटी! प्रत्येकाला! मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मूळ अंदाजित खर्च एक लाख आठ हजार कोटी. म्हणजे तुम्ही, तुमचा शेजारी, त्याची नात, प्रत्येक जण आपापली स्वतंत्र बुलेट ट्रेन बांधेल आणि बांधून झाल्यावर प्रत्येकाच्या हातात बत्तीस हजार कोटी शिल्लक राहतील. एकशे चाळीस कोटी बुलेट ट्रेन, एका ग्रॅमच्या रुपयांत!

आता त्याच ग्रॅममधला धातू काढू आणि त्याची दहा नॅनोमीटर रुंद, दहा नॅनोमीटर जाड अशी तार ओढू. लांबी होईल तीन लाख वीस हजार किलोमीटर. मुंबई-पुणे रूळमार्गावरून एक हजार सहाशेहून अधिक खेपा! चंद्र आहे तीन लाख चौऱ्याऐंशी हजारांवर. एक ग्रॅमने तो थोडक्यात हुकतो. एक पूर्णांक दोन दशांश ग्रॅम घेतलं की तार चंद्राला टेकते.

आणि धातू काढायचाच नाही, सगळे रेणू तसेच, एकाशेजारी एक रांगेत उभे केले तर? प्रत्येक रेणू अर्ध्या नॅनोमीटरचा, रांग शंभर कोटी किलोमीटरची! मुंबई-पुणे रेल्वेच्या बावन्न लाख फेऱ्या. डेक्कन क्वीनने कुठेही न थांबता, पुण्याला पोचताक्षणी वळून, रात्रंदिवस या फेऱ्या मारायच्या ठरवल्या तर तिला लागतील एकोणीसशे वर्षं. सातवाहनांच्या राजवटीत सुटलेली गाडी आज कुठे शेवटच्या फेरीवर आली असती! आणि आकाशात ती रांग धरली तर चंद्र कुठल्या कुठे मागे पडतो. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर. सूर्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, पुन्हा जायचं आणि परत यायचं, तिसऱ्यांदा जायचं आणि परत यायचं, आणि तरीही दहा कोटी किलोमीटरची रांग हातात शिल्लक!

आणि या दोन कोटी कोटी कोटींमधला प्रत्येक रेणू त्याच बांध्याचा. प्रत्येकात मधोमध एक टंगस्टन, भोवती सहाच फ्लोरिन, पाच नाहीत, सात नाहीत. आणि त्या सहांची मधल्या अणूशी बांधणी सारखीच, ०.१८३ नॅनोमीटर अंतरावर. एवढी शिस्त आहे म्हणूनच प्रत्येक रेणू चिपच्या फटीत जाऊन आपला एक अणू अचूक ठेवून येतो, आणि म्हणूनच नखाएवढ्या तुकड्यांत दोन लाख सदुसष्ट हजार कोटी पेशी न चुकता काम करतात. भट्टीला दाद न देणारा धातू, सतरा अंशांत उकळणारा वायू आणि तीन वेळा सूर्याला जाऊन येणारी रेणूंची रांग : यांतल्या एकानेही दगा दिला असता तर आपल्या मोबाइलमध्ये आज लग्नाचे फोटो, पोरांचे व्हिडिओ आणि आजोबांचा रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज यांना इतकी जागा मिळालीच नसती!